गावाची वेस राखणाऱ्यांनो, आता वर्गात या

रत्नागिरी जिल्ह्यातील सर्व शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात खाडीलगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. हे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना किंवा मंत्रिमहोदयांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण जे मागायचं आहे ते परिपत्रक काढून होणारं नाही. ते गावातल्या माणसांनीच करायचं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले, निम्म्या जागा बायकांना दिल्या, त्या काही फक्त पोषण आहाराचा तांदूळ मोजायला आणि दुरुस्तीच्या बिलावर सह्या करायला नव्हेत. शाळेचा विकास आराखडा तुम्ही करता. कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या मुलांच्या मनावर जे बसलं ते उतरवायचं काम मला त्या आराखड्यात हवं आहे.

तुम्हालाच लिहिण्याचं दुसरं कारण जास्त जवळचं आहे. २०२० च्या उन्हाळ्यात गावागावांत ग्राम कृती दलं उभी राहिली. नाक्यावर बांबू आडवे टाकून रात्र रात्र पहारा देणारी, मुंबईहून आलेल्यांची नोंद ठेवणारी, कोणाला घरी आणि कोणाला शाळेत ठेवायचं ते ठरवणारी ती माणसं आज बऱ्याच ठिकाणी शाळेच्या समितीवर आहेत. गाव वाचवायला तुम्ही उभे राहिलात, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ते सगळं पोरं बघत होती. घराच्या खिडकीतून, पडवीच्या खांबाआडून बघत होती. काय चाललंय ते त्यांना त्या वेळी कोणी धड सांगितलं नाही, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं.

पालकसभेत मी हा विषय काढते तेव्हा एक उत्तर हमखास येतं: ‘बाई, आता किती वर्षं झाली. पोरं विसरली सगळं.’

नाही विसरली. २०२० च्या जूनमध्ये ज्यांची नावं आपण पहिलीत घातली ती मुलं २०२५ च्या जूनमध्ये सहावीत गेली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे ही मुलं आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली ती दुसरीत. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद झाली. वर्गात रांग कशी लावायची, शेजारच्याचा धक्का लागला तर काय करायचं, हरल्यावर रडू कसं आवरायचं, भांडण झालं तर मधल्या सुट्टीत ते मिटवायचं कसं, हे सगळं पोर पाच ते सात वर्षांच्या वयात इतर पोरांत राहून शिकतं. ती वर्षं या मुलांनी आपल्या घराच्या चार भिंतींत, घाबरलेल्या मोठ्यांच्या सोबत काढली. वाचन-गणितात राहिलेलं आम्ही सेतू अभ्यासक्रम घेऊन, सरकारच्या ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या कार्यक्रमातल्या चाचण्या घेऊन बऱ्यापैकी भरून काढलं. मनाचं जे राहिलं त्याची चाचणी कोणी घेतली नाही, म्हणून ते राहिलंय हेच कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता आपल्या शाळांचं काय झालं होतं ते आठवा. मे महिन्यात चाकरमानी गावी यायला लागले तेव्हा त्यांना चौदा दिवस ठेवायला गावात दुसरी जागाच नव्हती. शाळाच उघडल्या गेल्या. पोरांना बजावलं गेलं: शाळेकडे फिरकायचं नाही, तिथं मुंबईची माणसं आहेत. दीड वर्षानं त्याच पोरांना आपण नवीन दप्तर देऊन सांगितलं, चला शाळेत. मोठ्या माणसाला यात विसंगती दिसत नाही. सात वर्षांच्या पोराला दिसते. माझ्याकडे दुसरीतली एक मुलगी पहिल्या दिवशी दारातच थांबली आणि म्हणाली, ‘बाई, मी त्या वर्गात नाय बसणार.’ का, म्हणून विचारलं तर मान खाली. आई म्हणाली, लाजते आहे. ती लाजत नव्हती, ती घाबरली होती. तिच्या माहितीप्रमाणे ज्या खोलीत आजार ठेवला होता, तीच ही खोली.

त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, बाराखडीच्या तक्त्याच्या खाली, कोणीतरी कोळशानं रेघा ओढलेल्या होत्या. चार उभ्या आणि एक आडवी, पुन्हा चार उभ्या आणि एक आडवी, आणि शेवटी चार सुट्या. साफसफाईत त्या राहून गेल्या होत्या. एका मुलानं विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, इथं राहिलेलं कोणीतरी आपले दिवस मोजत होतं. वर्ग एकदम शांत झाला. मग एक जण म्हणाला, ‘त्यांना जेवाण कोण द्यायचं?’ दुसरा म्हणाला, ‘माझा आबा द्यायचा. डबा बांधावर ठेवायचा नि लांब जाऊन हाक मारायचा.’ मग तिसऱ्याला त्याचा काका आठवला, चौथीला आठवलं की तिची मावशी याच खोलीत होती आणि तिनं खिडकीतून हात हलवला होता. अर्धा तास पोरं बोलत होती. दारात थांबलेली ती मुलगी कधी आत येऊन भिंतीला हात लावून बघायला लागली ते मलाही कळलं नाही.

आणि त्याच अर्ध्या तासात, सगळ्यांचं बोलून होत आल्यावर, मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, ‘माझी आजी माझ्यामुळे गेली.’

त्याला घरी सांगितलं गेलं होतं, बाहेर खेळायला गेलास तर आजीला होईल. तो एकदा खेळायला गेला. पुढे कधीतरी आजीला झाला. आजीला रुग्णवाहिकेतून नेलं, ती परत आली नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि दीड वर्ष त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, असं त्याला वाटत होतं.

मुलांच्या मनाचं हे आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मूल असंच जोडत जातं: मी रागावलो, मी हट्ट केला, मी ऐकलं नाही, म्हणून हे झालं. मरण म्हणजे माणूस परत येत नाही हेही त्या वयात पुरतं उमजलेलं नसतं. आणि तो काळ असा होता की आपण सगळ्यांनीच, काळजीपोटी, पोरांच्या कानावर रोज हेच वाक्य घालत होतो. टीव्हीवरही तेच. वाक्य चुकीचं नव्हतं, आजार तसाच पसरत होता. पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घरातल्या पोराला नंतर जवळ घेऊन ‘तुझ्यामुळे झालं नाही’ असं सांगायला हवं होतं. जे स्वतःच खचले होते त्या आईबापांना ते सुचणार तरी कसं?

मी त्या मुलाला सांगितलं ते असं. तुमच्या घरात सहा माणसं होती, दूधवाला येत होता, बाबा रेशनला जात होते, आजीला तपासायला नर्सबाई आल्या होत्या. कोणाकडून आला हे डॉक्टरला सांगता येणार नाही, मलाही नाही, तुलाही नाही. आजी आजारानं गेली, तुझ्यामुळे नाही. त्यानं ऐकून घेतलं. पाचवीत गेल्यावर त्यानं मला हेच पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. पुढेही विचारील. मूल मोठं होतं तसं त्याला तेच दुःख नव्यानं कळतं, आणि तेच उत्तर त्याला नव्यानं ऐकावं लागतं. म्हणून ‘एकदा समुपदेशन घेतलं, झालं’ असं हे काम नाही.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे आणि ते कुठल्याच कागदावर येत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे सांगितलं त्यानुसार एप्रिल २०२० पासून तोपर्यंत देशातल्या १ लाख ४७ हजारांहून जास्त मुलांचे आई, वडील किंवा दोघंही गेले होते, कोविडनं आणि इतर कारणांनी मिळून. त्या मुलांसाठी योजना निघाल्या, ते बरंच झालं. पण कोकणात आईबाप मुंबईला आणि पोर गावी आजीकडे, अशी घरं वाडीवाडीत आहेत. त्या पोराला न्हाऊमाखू घालणारी, रात्री कुशीत घेणारी, तापात उशाशी बसणारी आजीच. ती गेली तेव्हा सरकारच्या हिशेबात त्या पोराचं काहीच गेलं नाही. दोन्ही पालक हयात. घरच्यांच्याही हिशेबात, ‘म्हातारीचं वय झालं होतं.’ पोराच्या हिशेबात त्याची आई गेली.

आणि निरोप? गावच्या स्मशानात नेलंच नाही. मुंबईत ज्यांचं झालं त्यांची फक्त बातमी आली. दहावं-तेरावं दोघा-तिघांत उरकलं, कुठे कुठे तर केलंच नाही. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुलांचं आणखी अवघड होतं. कोणाचे वडील, कोणाचे मामा आखातात अडकलेले. तिकडेच गेले, तिकडेच दफन झाले, आणि घरी फोनवर दुआ झाली. मोठ्या माणसांना निदान माहीत होतं काय घडलं ते. मुलांपुरतं बोलायचं तर एक माणूस होतं आणि मग नव्हतं. आपल्याकडे मर्तिकाचे विधी माणसाला गेलेल्यापासून हळूहळू सोडवत नेतात, चार माणसं येतात, आठवणी निघतात, रडणं होतं, जेवणं होतात. त्यातलं काही या पोरांच्या वाट्याला आलं नाही. म्हणून माझी विनंती आहे: घरात म्हाळ घालता तेव्हा पोराला बाजूला खेळायला पाठवू नका. आजीला काय आवडायचं ते त्यालाच विचारा, पानावर तेच वाढा, आणि घास त्याच्या हातानं ठेवू द्या. मोहल्ल्यातल्या घरांत फातिहाच्या वेळी पोरांना शेजारी बसवा. देवाघरी गेली, गावाला गेली, झोपली आहे, असलं काही सांगू नका. लहान मूल ते खरं मानतं. मग ते झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत राहतं.

आता जे लिहिणार आहे ते काहींना लागेल. तरी लिहिते.

त्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या माणसांशी आपण सगळीकडे नीट वागलो नाही. विहिरीवर येऊ दिलं नाही, दुकानातून परत पाठवलं, ‘मुंबईवरनं घेऊन आले’ असं तोंडावर म्हटलं. भीती खरी होती. गावात डॉक्टर नाही, जवळचा दवाखाना कोस दोन कोस लांब, घरात म्हातारी माणसं. पण ज्यांना हे ऐकावं लागलं त्यांत मुलंही होती. नोकऱ्या गेल्यामुळे त्यातली काही कुटुंबं गावीच राहिली आणि मुलं आपल्याच शाळांत दाखल झाली. त्यांनी स्वतःच्या गावात, स्वतःच्या चुलत भावंडांत, परकेपण अनुभवलंय. आणि गावातल्या मुलांनी मोठ्यांकडून शिकून घेतलं की माणसाला असं लांब ठेवता येतं. वर्षानुवर्षं मी खेळाच्या तासाला बघते आहे. संघ पाडताना ‘मुंबईवाली’ मुलं शेवटी उरतात. मुलांना कारण विचारलं तर सांगता येत नाही. ते कुठून आलं ते तुम्हाआम्हाला माहीत आहे.

आमच्या शाळेत एक गोष्ट घडली, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस होतंय. आमच्या समितीतले एक सदस्य कृती दलात होते. मी त्यांना विनंती केली, एकदा वर्गात येऊन मुलांना त्या दिवसांबद्दल सांगा. ते आले, खुर्ची नको म्हणाले, मुलांसमोर सतरंजीवर बसले. नाक्यावरच्या रात्री सांगितल्या, पावसात ताडपत्री उडाली ते सांगितलं, पोरं हसली. मग एक मुलगी उभी राहिली, तिचं कुटुंब त्या वर्षी विरारहून आलेलं. तिनं विचारलं, ‘काका, तुम्ही आम्हाला विहिरीवर का येऊ दिलं नव्हतं?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही मध्ये पडावंसं वाटलं, पण पडले नाही. मग ते म्हणाले, ‘बाय, भ्यालो होतो आम्ही. माझी आई दम्याची. तुमचं काय चुकलं नव्हतं.’

एवढंच. मुलगी खाली बसली. त्या दिवशी ते मुलांच्या पंगतीत खिचडी खायला थांबले, आणि ती त्यांच्या शेजारी बसली. यानं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण एका मोठ्या माणसानं, ज्यानं बांबू आडवा धरला होता त्यानंच, तिला सांगितलं की तुझा दोष नव्हता. हे मी शंभर वेळा सांगून झालं नसतं. शिक्षिकेचं सांगणं वेगळं आणि त्या माणसाचं सांगणं वेगळं. तुमच्याकडे मला मागायचं आहे ते हेच. वर्गात या. मुलांना विचारू द्या. खरं उत्तर द्या.

कुठून सुरुवात करावी असं वाटत असेल तर शनिवार आहे. २०२४ पासून शासनानं ‘आनंददायी शनिवार’ ठेवला आहे, तो बऱ्याच शाळांत राहिलेला पाठ उरकायला जातो. तो मुलांना परत द्या. त्यातला एक शनिवार गावातल्या माणसाचा. नर्सबाई येऊ देत, आशाताई येऊ देत, घराघरांत जाऊन ताप मोजणाऱ्या अंगणवाडीच्या बाई येऊ देत, रुग्णवाहिका चालवणारा येऊ दे, आजारातून उठलेले आजोबा येऊ देत. भाषण नको. आठवणी सांगायच्या आणि प्रश्न घ्यायचे. ज्या मुलाला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नका. ते ऐकत असतं, तेवढं पुरतं.

खेळाच्या तासाला हात लावू देऊ नका. मुलांना धावायला, दमायला, एकमेकांच्या अंगावर पडायला मिळालं पाहिजे. दोन वर्षं त्यांना हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. आणि आपल्याकडे तर सोबत राहून करायच्या गोष्टींची वानवा नाही. त्या दोन वर्षांत गणपतीत घरोघरची आरती गेली, भजनाच्या बाऱ्या गेल्या, शिमग्यात पालखी घरी आली नाही, नमन-खेळे झाले नाहीत. जी मुलं तेव्हा चार-पाच वर्षांची होती ती जाखडीच्या गोलात मोठ्यांच्या मागे पाय टाकत नाच शिकली असती, ती शिकलीच नाहीत. आता ती मोबाईल हातात धरून कडेला उभी राहून चित्रण करतात. त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेऊन ओरडण्यापेक्षा त्यांना गोलात घ्या. ढोलकी शिकवा. पालखीला खांदा द्यायच्या वयाची झाली असतील तर द्या. गोलात एकाच तालावर पाय पडतो तेव्हा पोराच्या अंगातली भीती जशी सुटते तशी माझ्या कुठल्याही पाठानं सुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. देवळासमोर गाऱ्हाणं घालताना गावावर आलेलं संकट मोठ्यानं बोलून दाखवायची आपली रीत आहे. त्यात त्या दोन वर्षांत गेलेल्यांची आठवण एकदा निघू दे, आणि मुलांना ती पुढे उभं राहून ऐकू दे.

कोरोनाचा विचार करताना बाकीचं विसरून चालणार नाही. आपल्या मुलांवर एकच संकट आलं नाही. शाळा बंद झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली, कित्येक आठवडे वीज नव्हती. तिकडे ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणून मोबाईलवर अभ्यास येत होता आणि इकडे मोबाईल चार्ज करायला कोणाच्या तरी जनरेटरवर रांग लागत होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, मुलांनी वरच्या मजल्यावर, छपरावर रात्र काढली. त्याच दिवशी शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. चिपळूण, खेडकडच्या शाळांतल्या शिक्षकांना विचारा, जोराचा पाऊस लागला की कोणतं मूल खिडकीशी जाऊन उभं राहतं ते त्यांना नावानिशी माहीत असतं. अशा मुलाला ‘भित्रा आहेस’ म्हणू नका. पाणी आलं तर आपण कुठे जायचं, कोणाच्या घरात चढायचं, शाळेतून कोण न्यायला येणार, हे त्याला आधीच दाखवून ठेवा. पोराला ठरलेलं काही माहीत असलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो.

काही मुलांना गावापलीकडची मदत लागेल. दर सोमवारी पोटात दुखणं, आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर अंथरूण ओलं करायला लागणं, आई बाजारातून यायला जरा उशीर झाला की घाबरंघुबरं होणं, हात सोलवटेपर्यंत धूत बसणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं तर त्याला नाटकं म्हणू नका. मोठ्या मुलामुलींचं वेगळं असतं. ती गप्प होतात, रात्रभर जागतात, मित्र तोडतात, चिडचिड करतात. आणि एखादं मूल ‘मला जगायचं नाही’ असं म्हणालं, चेष्टेत म्हणालं तरी, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन नंबर शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्या, सुविचाराच्या फळ्याशेजारी. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे म्हणून आपल्याकडे ‘रत्नागिरीला न्यायला पाहिजे याला’ हे शिवीसारखं बोललं जातं, आणि त्यापायी आईबाप मुलाला घेऊन तिकडे जायला लाजतात. निदान समितीतल्या माणसांनी हे वाक्य तोंडातून काढू नये. कोणी आई निघाली असेल तर तिच्यासोबत एसटीत बसून जावं. एकटीला ते अंतर फार लांब वाटतं.

ज्या घरात कमावता गेला त्या घरात मुलाच्या मनाचं बोलायच्या आधी पैशाचं बोलावं लागतं, हेही मला कळतं. एका पालकाच्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे, पुढे बालकल्याण समितीकडे जातो. दाखले गोळा करता करता विधवा बाई थकून जाते आणि नाद सोडते. तुमच्यातल्या एकानं, ज्याची तहसीलला ये-जा आहे त्यानं, आपल्या शाळेतले असे अर्ज अंगावर घ्यावेत. आई जरा निर्धास्त झाली की घरातलं मूल निर्धास्त होतं.

वर्गशिक्षकांकडे एक वही असू द्या. कोणत्या मुलाचं कोण गेलं, कोण आजारी होतं, कोणाचं घर पडलं, कोण मुंबईहून येऊन राहिलं. वही कपाटात राहील, कोणाला दाखवायची नाही, कुठे माहिती भरून पाठवायची नाही. बदली होऊन नवीन शिक्षक आले की त्यांच्या हातात द्यायची. नाहीतर दर वेळी नवीन माणूस येतो आणि मातृदिनाचं भेटकार्ड करायला सांगतो, आणि आई गेलेली मुलगी कोरा कागद घेऊन बसून राहते. आणि जिथे पट कमी म्हणून शाळा बंद करायचं घाटत असेल तिथे तुम्ही ठराव करून विरोध करा. या मुलांची एकदा शाळा बंद झाली आहे. पुन्हा नको.

समितीची सभा महिन्याला असते. पुढच्या सभेत हा विषय पहिला घ्या, बांधकाम आणि रंगकामाच्या आधी. त्या सभेत ठरवा की कृती दलातलं कोण, कोणत्या शनिवारी मुलांसमोर बसणार. कसं बोलायचं याची चिंता वाटत असेल तर मला बोलवा. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारनंतर मी दापोली-मंडणगडात कुठेही येईन, दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट धरून गुहागरच्या बाजूलाही येईन. निरोप तुमच्या केंद्रप्रमुखांकडे द्या, तो माझ्यापर्यंत पोचेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
दापोली तालुका, जि. रत्नागिरी